फ्रीजवरचे पेले

"आजोबा, आधी पेले उतरवू का?" शिवांगीनं विचारलं. तिच्या हातात गरम पाण्याचं पातेलं होतं आणि समोर फ्रीज उघडा होता.

"पेल्यांला हात लावायचा न्हाई," गुरुपादप्पा म्हणाले.

किल्लारीच्या भूकंपापासून त्यांच्या घरात स्टीलचे पेले एकावर एक रचून ठेवलेले असत. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की माणसं जागी होऊन बाहेर पळणार. तेव्हा लातुरात कितीतरी घरांत अशी उतरंड असायची. पुढं लोकांनी आपापले पेले पाणी प्यायला परत घेतले. गुरुपादप्पांनी घेतले नाहीत. घरात फ्रीज आला तशी उतरंड कपाटावरून फ्रीजवर गेली, एवढाच फरक. आजवर ती मांजरानं पाडली, उंदरानं पाडली, एकदा पाहुण्यानं पाडली. भूकंपाला काही ते जमलं नव्हतं. पण दर वेळी गुरुपादप्पा ओट्यावरून रस्त्यात उडी मारत आणि दर वेळी तोच उजवा गुडघा टम्म सुजे. मग सिंधूबाई पदराआड हसत त्यांना आत आणत, खुर्चीत बसवत आणि गुडघ्याला काहीबाही लावत. दुखणं सोसत नसल्यामुळं गुरुपादप्पा तेवढा वेळ डोळे गच्च मिटून घेत.

सिंधूबाईंना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. शिवांगी मुखेडची. डॉक्टर व्हायला म्हणून लातूरला आलेली आणि पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलेली. फ्रीजरमधी बर्फ एवढा धरला होता की त्याची झडप लागत नव्हती, आणि खालच्या कप्प्यात तिचं दूध रोज नासत होतं. वर हिमालय, खाली मुखेडचा उन्हाळा. एवढा बर्फ असून फ्रीज गरम कसा, हे गुरुपादप्पांना कळत नव्हतं. शिवांगीनं दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली.

खरी अडचण बर्फाच्या पोटात होती. तिथं एक डबा होता. दवाखान्यात जाताना, ऑटोत बसता बसता सिंधूबाई म्हणाल्या होत्या, "फ्रीजात डबा ठेवलाय, तुमच्यासाठी." डब्यात काय आहे ते विचारायचं राहिलं, आणि त्या परत आल्या नाहीत. गुरुपादप्पांनी आधी पुरण असेल असं धरलं, मग त्यांना खवा वाटायला लागला. काढला की खावा लागणार, खाल्ला की संपणार. म्हणून त्यांनी तो काढलाच नाही. बर्फानं हळूहळू डब्याला गिळून टाकलं.

"डबा सुटला की लगीच सांग," त्यांनी शिवांगीला बजावलं. "आतलं वितळू देऊ नगंस."

"म्हंजे बर्फ वितळवायचा, पण डब्यातलं वितळू द्यायचं न्हाई?"

"हाव."

शिवांगीनं बटण बंद केलं, पातेलं फ्रीजरमधी सरकवलं, दार लोटलं. मग दोघं टीव्हीपुढं बसावं तसे फ्रीजपुढं बसले.

बऱ्याच वेळानं आत धप्पकन काहीतरी कोसळलं. फ्रीजच्या स्टँडच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. ती निसटली, फ्रीज डुलला आणि सगळी उतरंड खणखणत खाली आली.

गुरुपादप्पांची अख्खी नोकरी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेलेली. त्यामुळं ते नुसते ओरडले नाहीत. ओट्यावर उभं राहून त्यांनी पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं, भूकंप झालेला आहे," आणि उडी मारली.

गल्लीतली घरं रिकामी झाली, म्हणजे रस्ता भरला. शेजारचा क्लास वह्यांसकट बाहेर आला. सर खडू घेऊनच पळाले होते. समोर बंद शटर दिसल्यावर त्यांनी अर्धवट राहिलेलं गणित त्यावर पुढं चालू केलं. पोरं उभ्या उभ्या उतरवून घ्यायला लागली.

गुरुपादप्पांना तोवर चूक उमगली होती. बर्फ पडला, भूकंप नाही, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

"बर्फ उगंच पडंल का अप्पा?" गिरणीवाले जिलानीभाई म्हणाले. "जमीन हलली म्हनून पडला."

गल्लीतल्या कोंडाबाईला पायाखाली हलल्यासारखं झालंच होतं. कुणाच्या तरी निलंग्याच्या साडूलाही, फोन करून विचारल्यावर, जाणवलं होतं. गुरुपादप्पा गोंधळले. आधी काय हललं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ते फ्रीजकडं बघत होते, जमिनीकडं नाही.

"मला आत जाऊ द्या. माझा डबा हाय."

जिलानीभाईंनी त्यांना दोन्ही हातांनी धरलं. "त्र्याण्णवला असंच कायबाय आनायला लोकं आत गेली हुती," ते म्हणाले.

शटरवरचा खडू थांबला.

तेवढ्यात उंबऱ्यावरून पाण्याची धार ओट्यावर आली आणि ओघळत रस्त्यात उतरली. गुरुपादप्पा तिच्याकडं बघत राहिले.

"सिंधूनं ठेवलेला हाय हो," ते हळूच म्हणाले.

जिलानीभाईंचे हात सैल पडले. "चला. मीबी येतो."

आत पाय ठेवावा तिथं पेला होता. डबा भाजीच्या ट्रेमधी पडला होता. झाकण निघेना, जिलानीभाईंनी ते कडेकडेनं ठोकलं. आत स्वतःच्याच पाण्यात तरंगत असलेली बर्फाची जाड चकती निघाली. जिलानीभाईंनी वास घेतला. शिवांगीनं बोट बुडवून चाखलं.

"पानीच हाय, आजोबा."

"नीट बघ."

"नुसतं पानी."

गुरुपादप्पा खुर्चीत बसले. पुरण नाही, खवा नाही. वर्षभर आपण काय राखून ठेवलं, हे त्यांना कळेना. भाभींनी पाणी कशाला जपून ठेवलं असंल, हे जिलानीभाईंनाही कळेना. शिवांगीचं लक्ष मात्र त्यांच्या गुडघ्याकडं गेलं. तो धोतरातूनही दिसेल एवढा वर आला होता. तिनं चकती पंच्यात गुंडाळली आणि गुडघ्यावर धरली.

गुरुपादप्पांनी सवयीनं डोळे मिटले. हा गारवा त्यांच्या ओळखीचा होता, दर उडीनंतरचा.

ते तसेच बसून राहिले. पोटरीवरून पाणी ओघळत होतं. बाहेर सरांनी पोरांना परत वर्गात हाकललं.

चकती संपल्यावर ते लंगडत उठले. डबा नळाखाली भरला, झाकण लावलं आणि स्वच्छ, मोकळ्या फ्रीजरमधी मधोमध ठेवून दिला. जिलानीभाईंनी पुठ्ठा परत पायाखाली सारला. बटण दाबल्यावर फ्रीज घुरघुरला.

मग गुरुपादप्पांनी फ्रीजवरच्या रिकाम्या जागेकडं बघत शिवांगीपुढं हात केला. तिनं फरशीवरचा एक पेला उचलला, ओढणीनं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.