दुसऱ्या रायफलच्या पुंगळ्या

"ही घे तुझी काडतुसं," म्हणत ड्वेनने डबा माझ्या बाकावर आपटला. "निम्मी आत जातच नाहीत. एल्क हरीण समोर उभं, आणि मी रायफलच्या बोल्टशी कुस्ती खेळतोय. शिकारीच्या कॅम्पवर सगळे हसले मला."

ड्वेन माझा धाकटा भाऊ. त्याने तोंड उघडलं की माझं डोकं फिरतं, पण काडतुसं तो माझ्याकडूनच भरून नेतो. मोंटानातल्या या गावात धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं काढली. त्या नोकरीची कुणाला आठवणही नाही. पण उडवलेल्या पितळी पुंगळ्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायच्या आणि पुन्हा भरायच्या, हे काम इथे माझ्याइतकं चोख कुणी करत नाही. माझं काडतूस अडलं, असं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"सत्तरी आली तुझी, ऑरिन. हात गेले तुझे," ड्वेन म्हणाला. "मी तर सगळ्यांना सांगणार आहे, दुसरा माणूस बघा म्हणून."

"आधी बघू दे, मग पिट दवंडी. रिकाम्या आहेत का आणखी?"

तो कॅम्पवरून थेट आला होता. जॅकेटमधून त्याने पुंगळ्यांची पिशवी काढली आणि माझ्याकडे फेकली. मी साचा पुसला, पुंगळ्यांना वंगण लावलं आणि प्रेसचा दांडा ओढला. पहिल्या तीन सहज आत गेल्या. चौथीला दांडा अर्ध्यावर अडला. अंगाचा भार टाकला तेव्हा कुठे खाली आला.

"वंगण विसरला असशील."

"लावलंय."

"मग साचा वर राहिलाय. चष्मा बदल."

साचा पुरता खाली टेकला होता. तरी मी आणखी थोडा आवळला आणि पुंगळी पुन्हा दाबली. ड्वेनने ती आपल्या रायफलमध्ये घातली. मागची खिट्टी, म्हणजे बोल्ट, बंद होईना. त्याला आनंद झालेला मला दिसला, आणि तो लपवायची तसदीही त्याने घेतली नाही.

मी पिशवी बाकावर उपडी केली. गोळी सुटताना प्रत्येक रायफल पुंगळीला आपल्या मापाने फुगवते. ज्या रायफलची पुंगळी तिच्यासाठीच भरायची, हे इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. बुडाशी माप घेतलं तर निम्म्या पुंगळ्या जाड निघाल्या. त्या उलट्या करून बघितल्या. बाकीच्यांच्या बुडावर रायफलच्या पिनने मारलेला ठोका बरोबर मध्ये होता. या जाड पुंगळ्यांवर तो डावीकडे सरकलेला होता, सगळ्यांवर.

तो ठोका मी ओळखत होतो.

"दोन रायफलींच्या पुंगळ्या एका पिशवीत भरल्यास तू, मागच्या वेळीही," मी म्हणालो. "दुसरी बाबांची आहे."

"काहीतरी बरळू नकोस. ती चोरीला गेली."

"बाबांच्या मागे फिरून पुंगळ्या मी वेचायचो. तू गाडीत झोपायचास."

तो दाराबाहेर बघत म्हणाला, "बाबांनी मला दिली होती. तुला सांगितलं असतं तर भांडला असतास."

"भांडलोच असतो. अकरा वर्षं मी शेजारच्या कर्टिसला चोर समजतोय. त्याच्या बायकोच्या अंत्यविधीलाही गेलो नाही मी."

"ते तुझं तू बघ."

"गाडीत आहे ना? आण."

"कशाला?"

"त्यातली एक तरी रायफलमध्ये घालून बघितल्याशिवाय मी पुंगळ्या भरत नाही. कुणाच्याच."

हा नियम साऱ्या गावाला ठाऊक आहे. तो गेला आणि रायफल घेऊन आला.

मी साचा थोडा सैल केला, एक जाड पुंगळी त्यात बेताची दाबली आणि बाबांच्या रायफलमध्ये सरकवली. बोल्ट एका बोटाने बंद झाला. दस्त्याला गाल लावायचं काही कारण नव्हतं, तरी मी लावला. मला ती हवी होती. इतकी हवी होती की माझी मलाच लाज वाटली.

"झालं ना? दे इकडे," ड्वेन म्हणाला.

"गुरुवारी भरून ठेवतो. दोन डबे, दोन रायफलींचे. न्यायला बायकोला पाठव. तू येऊ नकोस."

मी बोल्ट उघडला, पुंगळी काढली, आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री केली आणि रायफल पुढे धरली. घेणारा 'धरली' म्हणत नाही तोवर देणाऱ्याने सोडायची नाही, असं बाबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी शिकवलं होतं. ड्वेनने दोन्ही हात लावले, पण बोलला नाही. त्याने एकदा ओढून बघितली. मी सोडली नाही.

"धरली," तो शेवटी म्हणाला.

मी हात काढून घेतले.