एका ओळीची खिडकी

टण्ण!

साखरेच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं. पडलं ते पडलं, वर स्वतःभोवती गिरक्या घेत शेवटच्या घरघरीपर्यंत वाजत राहिलं. मोठ्या मुश्किलीने जमून आलेली दुपारची शांतता एका झाकणाने उधळून लावली. स्वयंपाकघरात सासरे चोरी पकडल्यासारखे उभे होते. एका हातात डबा, दुसरा हात हवेत. टेबलाशी बसलेल्या सुनेने श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान लावला.

आत पाच वर्षांची लेक कुशीवर वळली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. ती एका जागी ठरत नाही आणि तिचे प्रश्नही थांबत नाहीत, म्हणून ती भिंगरी.

"मी वाचलो," सासरे कुजबुजले. "आता तू वाच."

सून हसली आणि पुन्हा पुस्तकावर वाकली. तिच्या हातात जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. कार्डाच्या मधोमध एक लांबट फट कापलेली. ओळीवर ठेवलं की फटीतून तेवढी एकच ओळ दिसायची, वरची-खालची झाकून जायची. हे कार्ड सासऱ्यांनी स्वतः बनवलं होतं. त्यांचा सगळा जन्म छापखान्यात गेला, प्रूफं तपासण्यात. पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका वेचून काढायच्या, हे त्यांचं काम. मराठीच नव्हे, इंग्रजीचीही प्रूफं ते वाचत. "अर्थ कळो न कळो, चूक डोळ्यांत खुपतेच," असं ते अभिमानाने सांगत.

आणि सुनेला होती इंग्रजीचीच परीक्षा.

ती मुळात नर्स. बाळंतपणात नोकरी सुटली, मग भिंगरीच्या पाठी पळण्यात नोंदणीची मुदत टळली, आणि परत जायचं म्हटलं तर नवा नियम आडवा आला: इंग्रजीची परीक्षा पास झाल्याशिवाय नोंदणी नाही. ऐकणं, बोलणं, लिहिणं यांत ती पार पडली होती. अडत होती फक्त वाचनात. दोनदा अडली. लहान मुलांच्या वॉर्डातली एक जागा मेट्रनबाईंनी तिच्यासाठी अडवून धरली होती, पण मागच्या वेळी फोनवर त्या स्पष्टच बोलल्या होत्या, "अगं, मला तू हवीस. पण वॉर्ड माझ्या मर्जीवर चालत नाही. या वेळी झालं नाही तर दुसरी कुणी घ्यावी लागेल."

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी पुठ्ठा आणि कात्री काढली होती.

"काय, कसं चाललंय?" चहाचा कप तिच्यापुढे ठेवत त्यांनी विचारलं. "सापडलं काही?"

"सापडलं ना. या पानावर छपाईच्या दोन चुका आहेत."

"दोन?" त्यांचे डोळे चकाकले. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "एक मला दिसली होती. दुसरी कुठे? अरे वा! बघ, नजर तयार झाली तुझी. छापखान्यात असतीस तर माझी खुर्ची गेली असती."

तिने चहाचा घोट घेतला. दुसरी एक गोष्ट सांगायची होती, ती जिभेवर येईना. उतारा दीपगृहांवर होता. त्यातला शब्द न् शब्द तिने फटीतून पाहिला होता, एक स्वल्पविरामही सुटू दिला नव्हता म्हणा ना. पण वाचून झाल्यावर खालचे प्रश्न बघितले तर वरचं सगळं धुक्यात गेलेलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. पहिल्या उताऱ्यातच अर्धा वेळ संपे, दुसऱ्यात उरलेला, आणि तिसरा उतारा तसाच कोरा राही, पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखा.

सासऱ्यांना हे कसं सांगायचं? सासूबाई गेल्यापासून म्हातारा माणूस मिटून बसला होता. या कार्डाने त्यांना पुन्हा कामाला लावलं होतं. सकाळी भिंगरीला शाळेत सोडून येताना ते रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या चुका मोजत येत आणि सुनेला सांगत. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर निघताना हसून म्हणे, "बाबा, परीक्षा तिची आहे आणि तालीम तुमची चाललीय." त्या घरात पुन्हा हसू आलं होतं. कार्ड बाजूला ठेवायचं म्हणजे ते हसूच बाजूला ठेवायचं की काय, असं तिला वाटे. म्हणून ती रोज कार्ड घेऊन बसे आणि रोज तिसरा उतारा राहून जाई.

"आजोबा, गोष्ट!"

भिंगरी उठली होती. केसांचं टोपलं, गालावर उशीची घडी, काखेत गोष्टीचं पुस्तक. ती सरळ आजोबांच्या मांडीवर चढली.

"आईला वाचू दे. मी सांगतो तुला," म्हणत आजोबांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. काय ते वाचन! एकेक शब्द घासूनपुसून ठेवल्यासारखा. स्वल्पविरामाला थोडं थांबणं, पूर्णविरामाला जास्त. गोष्ट होती एका कोल्ह्याची. त्याचं बीळ पाण्याने वाहून जातं आणि तो नवं घर शोधत फिरतो. गोष्ट संपली. आजोबांनी पुस्तक मिटलं.

"मग त्याला ते घर आवडलं का?" भिंगरीने विचारलं.

"कुणाला?"

"कोल्ह्याला!"

"हां, कोल्ह्याला. आवडलं असेल की."

"असेल काय? झाडाच्या ढोलीतलं की दगडाखालचं? त्याने कुठलं घेतलं?"

आजोबांनी पुस्तक पुन्हा उघडलं. पान उलटलं, मागे गेले, पुढे आले. भिंगरीने हनुवटी वर करून त्यांच्याकडे बघितलं. तिच्या प्रश्नात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"आजोबा, तुम्ही वाचता तेव्हा तुम्ही ऐकत नाही का?"

सून टेबलाशी खुदकन हसली आणि लगेच ओठ चावला. पण आजोबांना राग आला नव्हता. त्यांनी पुस्तक मिटून भिंगरीच्या हातात दिलं.

"खरंय गं बाई तुझं," ते म्हणाले. "जा, आईकडून ऐक. तिला गोष्ट कळते."

भिंगरी पुस्तक घेऊन आईच्या मांडीवर आली. तिथे तिचा एक ठरलेला रिवाज होता. गोष्टीत कुणी हरवलं आणि सापडलंच नाही तर ती रात्रभर झोपत नसे, म्हणून कुठल्याही नव्या गोष्टीआधी ती चौकशी करून घेई. आज तिने त्याच पुस्तकातली पुढची, न वाचलेली गोष्ट काढली.

"आधी सांग. यात कुणी हरवतं का?"

आईने भराभर पानं उलटली. नजर नुसती ओळींवरून सरकली. "हो. बदकाचं पिल्लू हरवतं."

"सापडतं?"

आणखी दोन पानं. "सापडतं. शेवटी."

"कोण शोधतं?"

"कासव."

"अंधार होतो का?"

"थोडा होतो. पण चंद्र आहे."

"मग चालेल. वाच."

आई वाचायला लागणार, तोच सासरे खुर्चीवरून उठून टेबलाशी आले.

"थांब. ही गोष्ट तू आधी वाचली होतीस?"

"नाही हो बाबा."

"मग तुला कासव कसं कळलं?"

"नुसती नजर फिरवली. हिला काय हवंय ते ठाऊक होतं, तेवढंच शोधलं."

सासऱ्यांनी गोष्टीच्या पुस्तकाकडे बघितलं, मग परीक्षेच्या पुस्तकाकडे. दीपगृहांच्या उताऱ्यावर कार्ड तसंच पडलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं.

"आणि मी तुला काय देऊन बसवलं!" ते म्हणाले. "उभ्या जन्मात मी इतकी पुस्तकं वाचली, सूनबाई, पण एकाचीही गोष्ट मला सांगता यायची नाही. माझं कामच ते होतं. अर्थ लागला की डोळा घसरतो, चूक सुटते. म्हणून मी अर्थ लागूच द्यायचो नाही. आणि तेच तुला शिकवत बसलो. तिसरा उतारा राहतो ना तुझा?"

तिने चमकून वर बघितलं. "तुम्हाला कसं..."

"रोज शेवटची पानं कोरी करकरीत दिसतात. छापखान्यातला माणूस आहे मी. बोट न लागलेला कागद मला कळत नाही?"

"तुम्ही एवढ्या मायेने कापलं होतं ते कार्ड," ती हळूच म्हणाली. "मला..."

"माया कार्डात असते होय? वेडी कुठली." त्यांनी कार्ड शर्टाच्या खिशात टाकलं. "भिंगरी, उद्यापासून तू बाईसाहेब. आईला प्रश्न तू विचारायचे."

दुसऱ्या दिवसापासून टेबलाशी तिघांची शाळा भरू लागली. आधी खालचे प्रश्न वाचायचे, मगच वरचा उतारा. सासरे हातात घड्याळ धरून बसत. सून उताऱ्यावरून नजर फिरवी, हवं तिथे थांबे, बाकीचं सोडून देई. अडलेल्या शब्दाशी झटत बसायची जुनी खोड जाता जात नव्हती; तिचं बोट एखाद्या शब्दावर रेंगाळलं की सासरे टेबलावर टिचकी मारत. "पुढची गाडी पकड. तो शब्द काही तुझा सोयरा नाही."

मग पुस्तक मिटून तिने तो उतारा भिंगरीला गोष्टीसारखा सांगायचा. भिंगरीला कळला तर आपल्याला कळला, एवढी सोपी कसोटी.

"दीपगृहात एक माणूस राहायचा," आई सांगे. "रोज दिवा लावायचा. मग दिवे आपोआप लागायला लागले, आणि त्या माणसांना घरी पाठवलं."

"त्यांना घरी जायला आवडलं?"

"ते उताऱ्यात दिलेलं नाही."

"म्हणजे नाही आवडलं?"

"नाही, नाही. आवडलं असंही लिहिलेलं नाही, आणि नाही आवडलं असंही नाही. दिलेलं नाही."

परीक्षेत हेच एक उत्तर तिला सगळ्यात जड जाई. तिथे प्रत्येक विधानापुढे तीनांतलं एक लिहायचं असे: खरं, खोटं, की दिलेलं नाही. ती नेहमी आपल्या पदरचं काहीतरी घालून खरं म्हणून मोकळी व्हायची. आता भिंगरीने रोज छळून छळून तिची ती सवय मोडली. उलट भिंगरीलाच ते उत्तर एवढं आवडलं की दूध संपवलंस का म्हटलं तरी ती गंभीरपणे म्हणे, "दिलेलं नाही." दुधाचा पेला समोर भरलेला असे.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये पंखा कुरकुरत होता. पेपर हातात आला. जुन्या सवयीने डोळे पहिल्या ओळीकडे धावले. तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, आधी सांग, यात कुणी हरवतं का? तिने पानं उलटली आणि प्रश्नांपासून सुरुवात केली. दोन-तीन शब्द तर तिने जन्मात पाहिले नव्हते. त्यांना नमस्कार करून ती पुढे गेली. तिसऱ्या उताऱ्याचं शेवटचं उत्तर लिहून तिने मान वर केली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अजून वेळ शिल्लक होता. तो वेळ तिने काहीच न करता, नुसतं बसून घालवला. घरची मंडळी त्या मिनिटांत तिच्या शेजारी बसली होती, असं तिला वाटलं.

घरचं दार पुरतं उघडायच्या आत सासऱ्यांनी विचारलं, "कसा गेला?"

"दुसऱ्या उताऱ्यात छपाईची एक चूक होती, बाबा."

"कुठे? काय होती?" ते उतावीळ झाले.

"बघितली आणि सोडून दिली."

म्हाताऱ्याने कपाळावरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा कपाळावरच ठेवला. "शाब्बास," ते म्हणाले.

निकाल आला तेव्हा नवऱ्याने कामावरूनच फोनवर एवढी आरोळी ठोकली की लिफ्टमध्ये अडकलेले लोक घाबरले असतील. मेट्रनबाई म्हणाल्या, "सोमवारी ये. आणि आता पुन्हा कुठे पळू नकोस."

रविवारी दुपारी ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. सासरे शेजारी बसून भिंगरीच्या दप्तराचा तुटलेला बंद शिवत होते. सोमवारपासून भिंगरीला शाळेतून आणणं, जेवू घालणं, झोपवणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनीच ते मागून घेतलं होतं. सुनेला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण आभार हा शब्द घरातल्या माणसासाठी फार कोरडा, परका वाटत होता. तिने इस्त्री उभी ठेवली.

"बाबा, ते कार्ड कुठे आहे?"

"कुठलं? ते होय? टाकून देणार होतो. कशाला हवंय?"

"वॉर्डात लागेल. औषधाच्या बाटलीवर नुसती नजर फिरवून चालत नाही. लहान मुलांचे डोस. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर..." तिने कॉलरची घडी नीट केली. "तिथे तुमच्यासारखंच वाचायला हवं. एकेक अक्षर. ते मला तुम्हीच शिकवलंत."

सासऱ्यांची सुई हवेतच राहिली. मग ते उठले, कपाटातून कार्ड आणलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि युनिफॉर्मच्या खिशाशी धरून बघितलं. "थोडं मोठं होतंय," ते म्हणाले. "कडेने कापून देतो. खिशात बसायला हवं."

त्यांनी कात्री शोधायला पाठ फिरवली तेवढ्यात भिंगरीने कार्ड पळवलं. फट डोळ्यांना लावून ती खोलीभर फिरली: भिंतीची एक पट्टी, खुर्चीची एक पट्टी, आजोबांचा एक कान. मग आईसमोर येऊन थांबली.

"आई, यातून तुझे फक्त डोळे दिसतात."

"हो का?"

"हो. बाकीची तू नाहीच." कार्ड तसंच धरून तिने विचारलं, "उद्या तू दवाखान्यात जाशील ना, तेव्हा घरातली तू कुठे असशील?"

आईने तोंड उघडलं.

"आणि 'दिलेलं नाही' असं म्हणायचं नाही हं."