न लागलेलं अक्षर

“हे बघा, तुमचे सगळे निरोप. नंबरावरून कळायचं, तुमचे आहेत म्हणून,” असं म्हणत नर्सने वॉर्डातला टॅब्लेट त्याच्या हातात दिला.

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं.

काय झालंय ते त्याला लगेच कळलं. पोटापाण्याचा धंदाच तो. ऑफिसात त्याला हेडरभाऊ म्हणत. वेबसाइटवरून मजकूर निघाला, की त्याच्यापुढे हेडर नावाची चिठ्ठी जाते: आतली भाषा कुठली, अक्षरं कशी वाचायची. बरणीवर लावतात तशीच. ती चुकली की चहात मीठ. लोकांच्या चिठ्ठ्या दुरुस्त करण्यात त्याचे केस पिकले, आणि सख्ख्या बहिणीला लिहिताना दिव्याखाली अंधार. दवाखान्याच्या वेबसाइटवरच्या ज्या पानावरून तो तिला निरोप धाडायचा, त्याचा हेडर त्याने एकदाही उघडून पाहिला नव्हता.

आईच्या शेवटच्या दुखण्यात तो फिरकला नाही, तेव्हापासून ताईने अबोला धरला होता. ती इथे आहे असं कळलं तेव्हा वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते. मग तो रोज लिहीत राहिला. माफी मागितली, पुन्हा मागितली. उत्तर पाठवायची त्यात सोय नव्हती, तरी वेड्यासारखी वाट पाहिली.

“मी त्यांना म्हटलं, वाचता येत नाहीये,” नर्स म्हणाली. “तर म्हणाल्या, ‘तुला नाही लागायचं. लहानपणापासून कोंबडीचे पाय काढतो तो. मीच हात धरून गिरवून घेतलंय, मला लागेल त्याचं अक्षर.’ चष्मा लावून बघत बसायच्या. फोन करू का विचारलं, तर नको. ‘आधी वाचते, मग बघू.’”

“लागलं?”

“नाही हो. शेवटी म्हणाल्या, ‘भांडतोय की माफी मागतोय, एवढं तरी सांग गं.’ मी काय सांगणार?” ती घुटमळली. “त्या सांगायच्या, तुम्ही यातलेच ना? परत नाही आणता येणार?”

“नाही. अक्षरं वेडीवाकडी आली असती तर सरळ केली असती. इथे ती उरलीच नाहीत.”

त्याला धाय मोकलून रडावंसं वाटलं, पण शेजारच्या खाटेवर कुणीतरी झोपलं होतं.

नर्सने ताईच्या मागे राहिलेली पिशवी आणून दिली. कपडे, कंगवा, चष्मा. चष्म्याच्या काचा पुसून पुसून लख्ख झाल्या होत्या.