खालच्या पट्टीचं पाणी

हर्सूल मागं टाकून फुलंब्रीच्या रस्त्यानं पुढं गेलं, की डाव्या हाताला आत अप्पारावांची मोसंबीची बाग होती. दोन पट्ट्या. वरची मुरमाड, खालची काळ्या मातीची, विहिरीला चिकटून. अप्पाराव रेल्वेत गँगमन होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही जमीन घेतली आणि थोरल्या सुनेच्या, मुक्ताबाईच्या हाती सोपवली. रोपं तिनंच लावली, पहिला उन्हाळा डोक्यावर हंडे वाहून तिनंच जगवली. तिचा नवरा सर्जेराव पाण्याचा टँकर चालवायचा. शहराच्या कडेनं रोज नवी कॉलनी उठत होती आणि तिथं नळ पोचायच्या आधी सर्जेरावाचा टँकर पोचायचा. बागेत यायला त्याला सवड नसे.

सकाळचा चहा झाला की अप्पाराव विचारायचे, "मुक्ता, आज पाणी कुठं सोडायचं?"

मुक्ताबाई बागेत जाऊन आळ्यातली मूठभर माती दाबून बघायची. गोळा झाला, फुटला, हाताला लागला, यावरून ठरवायची. ती सांगेल ती पट्टी भिजायची. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. तिला साड्यांची हौस नव्हती, दागिन्यांची नव्हती. पण हा सकाळचा सवाल दुसऱ्या कुणाला विचारला जाईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग २०१८चा पावसाळा कोरडा गेला. वाळूजच्या कंपनीनं कंत्राटी माणसं कमी केली आणि त्यात धाकटा दीर इंद्रजीतची नोकरी गेली. बजाजनगरची खोली सोडून तो बायकोला घेऊन घरी आला. बायको मेघा. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, लग्नाआधीपासून कारखान्यात सर्किट तपासायचं काम केलेली. आली आणि महिन्याभरात कुठल्याशा प्रयोगाच्या योजनेत तिनं बागेचं नाव घातलं. एके दिवशी टेम्पोतून खोकी उतरली.

"हे काय गं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"सेन्सर हायत, ताई. जमिनीत ओल किती, ते मोबाईलवर दिसतं. तारबीर काय नाय, हवेतूनच येतं."

हातभर लांबीच्या खुंट्या होत्या त्या. वर बंद डबी, डबीत बॅटरी. मेघानं स्वतः गिरमिटानं भोकं पाडली, झाडाच्या बुंध्यापासून हात-दीड हात लांब, ठिबकच्या नळीजवळ. निघालेल्याच मातीचा पातळ चिखल करून भोकात ओतला आणि मग खुंटी खाली दाबली. "आत पोकळ राहिली तर आकडा खोटा येतो," ती इंद्रजीतला सांगत होती आणि इंद्रजीत शाळकरी पोरासारखा मान हलवत होता. मोटारीच्या खोलीवर अँटेनाचा डबा बसवला, तर पत्र्यामुळं वरच्या पट्टीचा सिग्नल येईना. मग कडुनिंबावर चढून डबा तिथं बांधला. झाडावर चढली मेघाच. खाली गावची चार माणसं जमली होती. मुक्ताबाई भाकरीचं गाठोडं हातात धरून लांब उभी होती.

संध्याकाळी मेघा तिच्याजवळ येऊन बसली. "ताई, एक विचारायचं होतं. पाणी दिल्यावर वाफसा यायला काळ्या मातीत किती येळ लागतो? आणि झाड पानं कधी मिटाय लागतं? तुम्ही सांगितलं तर मला आकडे लावता येतील."

"तुझ्या मोबाईललाच विचार की," मुक्ताबाई म्हणाली आणि परातीतलं पीठ मळत राहिली.

मेघा उठून गेली. पुढं ती रोज सकाळ-संध्याकाळ बागेत फिरून झाडांची पानं बघू लागली. कुणाला न विचारता शिकली. तेही मुक्ताबाईला खुपलं.

खरं दुखणं पुढंच होतं. खालच्या पट्टीची माती वरून फुफाट्यासारखी दिसायची, म्हणून मुक्ताबाई तिथं नेहमी सढळ हातानं पाणी द्यायची. सेन्सरनं दाखवलं, की हातभर खोल तिथं ओलच ओल आहे. अप्पारावांना पटेना, तेव्हा मेघानं कुदळीनं खड्डा घेतला. खालची माती खरंच काळीशार, गार निघाली. अप्पारावांनी ती हातात घेतली, नाकाला लावली, आणि त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "म्हंजे इतकी वर्सं आपण पाणी वायाच घालीत व्हतो."

कुणी मुक्ताबाईकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर अप्पारावांनी विचारलं, "मेघा, काय म्हणतंय तुझं यंत्र?"

मुक्ताबाई चुलीपाशी होती. तिनं लाकूड आत सारलं ते नको इतकं आत सारलं, धूर झाला. डोळ्यांतून पाणी यायला ते निमित्त पुरलं. त्या दिवसापासून तिला मेघाचं सगळंच डोळ्यांत सलू लागलं. तिचं मोबाईलवर बोट फिरवणं, सलवार-कुडत्यात बागेत हिंडणं, सासऱ्यांना "मामा, बसा" म्हणून खुर्ची देणं. मेघानं केलेली भाजी सर्जेरावानं दुसऱ्यांदा मागून घेतली, त्या दिवशी मुक्ताबाई उपाशीच उठली.

आणि मग जयंती आली. विहारासमोर मंडप पडला, पोरांनी निळे झेंडे लावले, बाया पांढऱ्या साड्या नेसून पुढं बसल्या. मान्यवर बोलून झाल्यावर अप्पारावांना माईक दिला. ते कधी चार वाक्यांच्या वर बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले.

"आमच्या मेघानं शिक्षणाचं सोनं केलं," ते म्हणाले. "दुस्काळात लोकांच्या बागा जळू ऱ्हायल्या, आमची हिरवी हाय, ते हिच्या डोक्यानं. पोरींनो, हिच्यासारखं शिका."

टाळ्या पडल्या. बायांनी मेघाला ढकलून उभं केलं. मुक्ताबाईनंही टाळ्या वाजवल्या, इतक्या जोरात की तळवे लाल झाले. शेजारच्या बाईनं कौतुकानं म्हटलं, "नशीब काढलंत, मुक्ताबाई, जाऊ लई हुशार मिळाली." त्यावर ती "व्हय तर" म्हणाली. हंडे वाहून टाळूवर पडलेल्या टकलावर तिनं पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी जेवून लवंडली होती. मुक्ताबाई खुरपं घेऊन खालच्या पट्टीत गेली. तिथली खुंटी भोवतीनं उकरून तिनं उपसली आणि विहिरीच्या कडेला, जिथं कॉक गळून कायमचा चिखल असायचा, तिथं शेवरीच्या आडोशाला रोवली. आधीच्या जागेवर माती ओढली, पाचोळा पसरला.  यंत्र म्हणत राहील ओल आहे, कॉक बंद राहील, पानं माना टाकतील. मग कळेल सगळ्यांना. मग येतील विचारायला. झाडं थोडी सोसतील, तिनं स्वतःला समजावलं, मरायच्या आत मी सांगीन.

पण ती घरात पोचते तोच वैजापूरहून भावाचा फोन आला. आई, सारजाबाई, मोरीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. सर्जेरावानं तिला तसंच एसटीत बसवून दिलं.

वैजापूरला आईची सेवा करताना तिचं अर्धं चित्त खालच्या पट्टीत होतं. भाऊ मार्केट यार्डात हमाली करायचा, घरी येऊन म्हणायचा, "काय ऊन हाय, कांदा गोणीतच उकडू लागलाय." ते ऐकलं की तिच्या डोळ्यांपुढं सुरळी झालेली पानं यायची. फळं सुपारीएवढी झाली असतील. याच दिवसांत ताण बसला तर सगळी गळणार. तिनं सर्जेरावाला फोन लावला.

"बाग कशी हाय?"

"मला काय म्हाईत? मेघा बघती की. तू आईकडं बघ."

तिनं मेघाला फोन लावायला नंबर काढला. सांगायचं काय? खुंटी मी उपसली? की नुसतं म्हणायचं, खाली पाणी सोड? मग ती विचारणार, कामून? तिनं फोन ठेवून दिला. हातानं लावलेली झाडं जळतायत आणि तोंडातून शब्द फुटत नाही, ही स्वतःची गत बघून तिला स्वतःची शिसारी आली. तरी शब्द फुटला नाही. ती आईला घास भरवत होती, तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुझं ध्यान इथं नाय. जा तू, तुझी वहिनी हाय मला."

ती पहिल्या गाडीनं निघाली. फाट्यावर उतरली आणि घरी न जाता पिशवीसकट सरळ बागेत शिरली. धावतच गेली.

झाडं उभी होती. पानं पसरलेली, तुकतुकीत. ठिबकखाली ओल्या मातीचे गोल दिसत होते. फळं जागच्या जागी. खुंटी तिच्या मूळच्या जागेवर होती, भोवती नव्यानं ओतलेला चिखल वाळून घट्ट झालेला. शेवरीखाली बुजवलेल्या भोकाची नुसती खूण होती.

मुक्ताबाई झाडाखाली बसली. आधी हायसं वाटलं, इतकं की रडू आलं. आणि मग, डोळे पुसतानाच, जीव पुन्हा करपायला लागला. म्हणजे हिला कळलं होतं. कळूनही ही गप्प बसली. आता कायमची वरचढ राहणार.

मेघा मोटारीच्या खोलीतून बाहेर आली. "ताई, कधी आलात? आईंचं कसं हाय?"

"तुला कधी कळलं?"

मेघानं न समजल्याचा आव आणला नाही. "त्याच दुपारी. पाणी सोडलं नव्हतं आन ओलीची रेघ एकदम वर उडाली. येऊन बघितलं, तर खुंटी चिखलात. खुरप्याच्या खुणा व्हत्या."

"मग सांगितलं कामून नाय घरात? मामांना सांगायचं व्हतं. टाळ्या वाजवल्या असत्या त्यांनी."

"कुणी खरं मानलं असतं?" मेघाचा आवाज चढला. मुक्ताबाईनं तो कधी चढलेला ऐकला नव्हता. "लग्न झाल्यापास्नं ऐकतीय, वैनीनं बाग जगवली, वैनीनं हे केलं, वैनीनं ते केलं. हे तर भाकरीचा पहिला तुकडा मोडला की म्हणत्यात, वैनीच्या हाताची चव नाय. मामा मला यंत्राचं विचारतात, ताई. माझं नाय विचारत. ते यंत्र नसतं तर मी या घरात कोण? मला वाटलं, तुम्ही परत यावं आन झाडं उभी बघावीत. माझ्या हातानं उभी. बस, एवढंच. सांगून काय मिळालं असतं?"

 हिलाही आपला हेवा वाटतो, ही गोष्ट मुक्ताबाईच्या मनात कधी शिरली नव्हती. ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. माफी मागायला हवी होती. "चिखल घट्ट बसवलास," ती एवढंच म्हणाली. "पोकळी ऱ्हायली नाय."

मे महिन्यात विहिरीनं तळ दाखवला. शेजारच्या कडुबानं जमीन प्लॉटवाल्याला दिली होती आणि तिथं ओळीनं बोअर पडले होते. पाणी तिकडून ओढलं जात होतं. दोन्ही पट्ट्या जगणं शक्य नव्हतं. काही ओळी सोडून द्याव्या लागणार होत्या. अप्पाराव बांधावर हताश बसले, त्यांना कुठलंच झाड सोडवेना. शेवटी दोघी जावा ओळीओळीनं फिरल्या. मेघा सांगायची कुठं ओल टिकते, मुक्ताबाई सांगायची कुठल्या झाडाला डिंक सुटलाय, कुठलं यंदा आतून पोखरलंय. एका झाडावरून दोघींचं जोरात वाजलं आणि ते झाड मुक्ताबाईच्या हट्टानं राहिलं. नंतर ते वाळलंच. मेघा त्यावर काही बोलली नाही. तिचं ते न बोलणं मुक्ताबाईला आठवडाभर टोचलं.

मग एके सकाळी तिनं आपला मोबाईल मेघापुढं धरला. "हे तुझं ते, माझ्यातबी टाक."

मेघानं टाकून दिलं, रेघा कशा वाचायच्या ते दाखवलं. तेव्हापासून मुक्ताबाई तिच्याआधी उठून आकडे बघू लागली. मेघा केस बांधत बाहेर येईतो सासऱ्यांना सगळा हिशोब सांगून झालेला असायचा. मेघानं दोन-चार दिवस बघितलं, मग तीही लवकर उठायला लागली.

आषाढात बरा पाऊस झाला. कंपनीनं इंद्रजीतला परत बोलावलं. मुक्ताबाईनं मनातल्या मनात जावेचं सामान बांधलंसुद्धा. पण मेघा म्हणाली, "हे जाऊन-येऊन करतील. मी इथंच ऱ्हाते." ऐकून मुक्ताबाई हिरमुसली. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं, की रिकाम्या ओळींत लावायची रोपं तिनं मेघा असेल असं धरूनच नर्सरीत सांगून ठेवली होती.

रोपं आली. खड्डे घेतले. नवी खुंटी कुठं रोवायची, यावरून दोघींचं सकाळीच सुरू झालं.

"मधल्या ओळीत घाल. तिथं उतार संपतो."

"ताई, उतार संपतो तिथं पाणी साचतं, आकडा फुगून येईल. कडेला घालू."

"कडंला बोअरवाल्याचा बांध हाय. तिथली माती आपली नाय, भरावाची हाय."

मेघानं वाकून कडेची मूठभर माती उचलली, बोटांनी चुरडली आणि गिरमिट मधल्या ओळीकडं नेलं. मुक्ताबाईनं तिच्या मागोमाग बादलीत चिखल कालवायला घेतला. जास्तच पातळ झाला म्हणून मेघानं नाक मुरडलं, तर मुक्ताबाईनं आणखी एक तांब्या पाणी ओतलं.