दोन गार, एक तापलेला

“गोरखभाऊ, दोन सेन्सर चार डिग्री दाखवत्यात अन् ह्यो एकटाच नऊ. त्योच बिघडलाय. काढू का वायर?” दुधाच्या टाकीच्या पॅनेलपाशी उभ्या अमजदनं विचारलं.

“हात लावू नको त्याला!” गोरख एवढ्यानं ओरडला, की अमजद दचकून मागं सरला. मंचरजवळच्या या डेअरीत लागून त्याला दोन महिने झाले होते, पण गोरखचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

गोरख वरमला. “आरं, तीन कशापायी बसवलेत? पॅनेल त्यातला सगळ्यात जास्त आकडा निवडतं अन् थंडीचा कॉम्प्रेसर चालू करतं. दोघं गार म्हणू देत. तिसरा तापलंय म्हणतोय ना, मग त्याचंच खरं धरायचं. खोटा निघाला तर थोडी लाईट जळंल. दूध तर नासणार न्हाई.”

बोलून गेला आणि त्यानं पॅनेलचं झाकण लावलं. हे शहाणपण तो इतकी वर्षं सगळ्यांना शिकवत आला होता. मेलं, डेअरीच्या फाटकाबाहेर कधी त्याच्याबरोबर आलंच नाही.

गेल्या वर्षी बटाट्याची काढणी चालू असताना शिनोलीच्या घरी त्याची बायको अश्विनी पोट धरून बसली. “लई दुखतंय वो. दवाखान्यात न्या.”

“काढणी आली की हिचं पोट दुखतंय,” गोरखची आई, साळुबाई म्हणाली.

“वात असंल. ओवा चाव अन् पड जरा,” भावजय कुशाबाईनं सांगितलं.

दोघी एकीकडं, अश्विनी एकटी. गोरखनं दोघींचं ऐकलं आणि डबा उचलून ड्युटीवर गेला. पोटात अपेंडिक्स फुटलं होतं. काढणी उरकायच्या आत अश्विनी गेली.

अमजदला ओरडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दप्तर पाठीवर असतानाच दुसरीतली त्याची लेक समृद्धी पोट धरून खाली बसली.

“शाळंचा कंटाळा, दुसरं काय!” साळुबाई म्हणाली. कुशाबाईनं तिचीच री ओढली.

गोरखनं तिच्या पाठीवरचं दप्तर उतरवलं. लेकीला मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं आणि थेट मंचरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली. “ठणठणीत आहे पोरगी,” ते हसले.

बाहेर आल्यावर समृद्धीनं मान खाली घातली. “पप्पा, माझं पोट दुखतच नव्हतं.”

“मग गं?”

“तुमी मला नेता का, ते बघायचं व्हतं.”

गोरखला हुंदका आवरेना. भर रस्त्यावर गाडीला टेकून तो ढसाढसा रडला. पोर भेदरून त्याची बाही ओढत राहिली. “आता न्हाई खोटं बोलणार, पप्पा.”

“बोल, बाळा,” तो डोळे पुसत म्हणाला. “खोटं असलं तरी सांग. मी निईन तुला.”

त्यानं तिला पेट्रोलच्या टाकीवर बसवलं आणि किक मारली. सवयीनं तो थोडा पुढं सरकूनच बसला, मागं एका माणसाची जागा ठेवून.