व्याह्यांच्या मागची होडी

सावळाराम तात्यांना धास्ती होती ती एकाच गोष्टीची, नाकातल्या नळीची. सणसरला त्यांच्या शेजारच्या म्हस्कूला ऑक्सिजनचं मशीन लागलं आणि तो खाटेला जो चिकटला तो चिकटलाच. तात्यांची उभी हयात गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळ घालण्यात गेलेली. धुरानं फुप्फुसं पार कामातून गेली होती. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्यात व्यायामाला या, दिवाळीनंतर चालायची परीक्षा घेऊ, दम टिकला तर नळी नको.

व्यायाम म्हणजे निघाला टीव्हीवरचा खेळ. समोर उभं राहून वल्ही मारल्यासारखे हात हलवायचे, की पडद्यावरची होडी पुढं सरकते. या वयात हा काय पोरखेळ म्हणून तात्या हसले खरे, पण पहिल्याच दिवशी त्यांनी होडी अशी हाणली की शिकवणाऱ्या वैदेही मॅडम बघतच राहिल्या. त्या संध्याकाळी एसटीत जागा मिळाली नाही, तरी तात्या खुशीत उभ्यानं सणसरला गेले.

पुढच्या आठवड्यात जळोचीचे संभाजीराव आले. तात्यांची लेक माधवी त्यांच्याच घरात दिलेली. सिगारेटी ओढून ओढून त्यांच्याही छातीचं खोकंच झालं होतं. ओळखीची माणसं आहेत, रमतील, असं मॅडमना वाटलं आणि त्यांनी दोघांची शर्यत लावून दिली. आता आली का पंचाईत. व्याह्यांनी घास घेतल्याशिवाय ज्या माणसानं कधी ताटाला हात लावला नाही, तो मुलीचा बाप त्यांच्या पुढं होडी काढणार कशी? तात्यांनी हात सैल सोडले. संभाजीराव जिंकले.

रात्री माधवीचा फोन आला. मामंजी घरभर सांगत सुटले होते, तुझ्या बापाला हरवलं म्हणून. पोरीच्या आवाजात हसू होतं. लग्न झाल्यापासून त्या घरात तिच्या बापाचं नाव इतक्या कौतुकानं कुणी घेतलं नव्हतं. झालं, तात्यांनी हरण्याचा वसाच घेतला.

खेळाच्या मशीनला मानपान कुठला कळायला. होडी मागं पडली की ते खेळ आपोआप सोपा करी. धाप लागते का, असं मॅडमनी विचारलं, तर तात्या म्हणाले, जरा लागतीया. ते तेव्हा खोटं होतं. मॅडमनी बिचारीनं व्यायाम आणखी हलका केला. इकडं संभाजीराव रोज जिंकत होते. आपण ठणठणीत झालो असं ठरवून त्यांनी दवाखान्यात यायचंच सोडलं, सिगारेट पुन्हा धरली आणि दिवाळीच्या आत नळी लागून खाटेवर पडले. माधवी फोनवर रडली. आपण व्याह्यांना जिंकवलं की मारलं, हेच तात्यांना समजेना.

दिवाळी झाली. चालायच्या परीक्षेआधी मॅडमनी तात्यांना एकट्यालाच पडद्यासमोर उभं केलं आणि खेळ पहिल्या दिवसाइतका अवघड लावला. तात्यांना वाटलं, आता शेजारी व्याही नाहीत, आता कुणाची भीड नाही. त्यांनी दोन्ही हात नेटानं मागं ओढले. होडी हलली. पुन्हा ओढले, आणि छाती आवळून आली, डोळ्यांपुढं अंधारी आली. मॅडमनी धावत खुर्ची दिली.

"तात्या, पहिल्या दिवशी कशी होडी हाणली होती! आज तरी मनापासून खेळायचं."

धाप ओसरल्यावर तात्या म्हणाले.

"मनापासूनच खेळलो, मॅडम. व्याह्यांपुढं मुद्दाम हरत हुतो मी. पर खराखुरा कवापासनं हराया लागलो, ते माझं मलाच कळलं न्हाय."

मॅडमनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. मग तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, चालायची परीक्षा आता राहू द्या. ऑक्सिजनचं मशीन घरी कसं न्यायचं ते विचारायला तात्या तिथंच बसून राहिले.