मले उचलू नका

आमच्या गावाले मले उचलायचा लय नाद हाये. दहावीत असताना मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली. तवापासून माझे पाय चालत नाहीत, अन तवापासून गाव मले उचलून राह्यलं. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो का आमचं विहार असो, पायरी दिसली का चार माणसं धावलीच. मी हो म्हटलं का नाही, ते कोणी ऐकत नाही. वरून एक जण फोटो काढते. तसा एक फोटो पाहून दिग्रसच्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला, म्हणे मोनाली, तुझी मिरवणूक कायची निघाली?

त्यात मागच्या निवडणुकीत मी मेंबर झाली. ग्रामपंचायतीच्या ऑफिसले चांगल्या उंच उंच पायऱ्या हायेत. मीटिंगच्या दिवशी अक्षय, म्हणजे आमच्या सरपंचाचा पुतण्या, आपले तीन दोस्त घेऊन खाली हजर राहे. "बस ताई, टेन्शन नको घेऊ," म्हणे, अन मी चाकाच्या खुर्चीसकट वर. मीटिंग झाली का तसंच खाली. अक्षय मनानं वाईट नाही. त्याले वाटे का आपण समाजसेवा करून राह्यलो, अन त्याच्या स्टेटसले तसं लिहिलेलं राहे.

फेब्रुवारीच्या मीटिंगमंधी दिव्यांगांच्या निधीचा विषय निघाला. तो पैसा मार्च संपायच्या आत खर्च कराव लागते, नाहीतं बोंबाबोंब होते. सरपंच पुंडलिकरावनं ठराव मांडला, का या पैशातून गावाच्या रस्त्यावर कमान बांधू. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहू: 'दिव्यांगस्नेही ग्राम आपले स्वागत करीत आहे.'

मी म्हटलं, "काका, कमानीखालून मी येईन बराबर. मंग इथं पायरीपाशी काय करू? त्यापेक्षा रॅम्प बांधा ना."

"रॅम्प कायले पायजे?" पुंडलिकराव म्हणे. "शहरात लागते रॅम्प. तिथं कोणी कोणाले विचारत नाही. आपल्या गावात माणुसकी हाये बाप्पा. तुले कधी कोणी खाली ठेवलं काय?"

खरंच कोणी खाली ठेवलं नव्हतं. पण ठरावाले हात वर करा म्हटलं तवा मी हात मांडीवरच ठेवला. विरोधात कोण, म्हटल्यावर वर केला. माझ्या बाजूले विमलताई अन आणखी दोघं. तिघं एकीकडं, चौघं एकीकडं. कमानीचा ठराव पडला.

पुंडलिकरावनं चष्मा पुसला, उठला, गेला. सगळे उठले. मी खुर्ची पायरीपाशी आणून थांबली.

अक्षय खालीच होता. मी हाक मारली, तं म्हणे, "ताई, फवारणी राह्यली," अन निघाला. एकाची म्हैस सुटली होती. एकाच्या कमरेत त्याच घडीले लचक भरली. चौथा कुठं गेला ते मले दिसलंच नाही. माझ्या बाजूनं हात वर करणारे दोघं मोटरसायकलवर बसून गेलते, त्याहिले वाटलं असन का मले उचलणारे तं हायेतच. मले कोणी उचलणार नाही, असं तोंडानं कोणीच म्हटलं नाही. त्याहिले कामं होती एवढंच. शिपाई कुलूप हातात घेऊन माझ्यामागं उभा, म्हणे ताई, बंद करू काय?

बाबा यवतमाळले गेलते. समोरच्या पानठेल्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती, सगळी मोबाईलमंधी डोकं घालून. मी खुर्चीतून खाली उतरली अन बुडावर सरकत, हातावर जोर देत एकेक पायरी उतरली. साडीले माती, तळहाताले खरचटलं. मले लाज नाही वाटली. मले राग आला, असा राग का कानशिलं तापली. मी इतके वर्ष ज्याले मदत म्हटलं, ती कोणाच्या बाजूनं मत दिलं ते पाहून येत होती.

बातमी ऐकून विमलताई घरून परत आली तवा मी शेवटच्या पायरीवर बसली होती. तिनं अन शिपायानं खुर्ची खाली आणली.

"मले आवाज द्याचा ना," ती म्हणे.

"कितीक जणाले आवाज देऊ?" मी म्हटलं.

मार्चच्या मीटिंगले अक्षय अन त्याचे दोस्त पुन्हा हजर. हसतमुख. गेल्या खेपेचं काही झालंच नाही असे. त्यानं खुर्चीले हात घातला, तं मी ब्रेक लावला.

"मले उचलू नका. मी इथंच बसते."

"अशी काहून करतेस ताई? राग आला काय?"

"हो. आला."

 तो काकाले बोलवाले वर गेला.

त्या दिवशी आम्हा सात मेंबरातले तिघं दिग्रसले तूर विकाले गेलते. वर पुंडलिकराव, रामराव अन विमलताई, अशी तीनच डोकी. मीटिंग भरवाले चार लागतात. अन महिना संपत आला होता. सचिव, म्हणजे आमचे ग्रामसेवक, घाम पुसून राह्यले होते. आज ठराव नाही झाला तं निधीचं काय सांगू, हे त्याहिले समजत नव्हतं.

पुंडलिकराव खाली आला. "पोरी, गावाची इज्जत काढू नको. चाल वर."

"काका, तुम्ही उचललं का मी वर जाते, तुम्ही सोडलं का वरच राहते. मंग माझं मत माझं कसं म्हणू?"

त्यानं वर सचिवाकडं पाह्यलं. मंग शिपायाले म्हणे, "टेबल खाली आण." मार्चचं ऊन डोक्यावर होतं. झेंड्याच्या ओट्यापाशी मीटिंग झाली, रामरावनं डोक्याले दुपट्टा बांधला, अन रॅम्पचा ठराव चहा यायच्या आत एकमतानं पास झाला. उन्हात माणसं लवकर एकमत होतात.

गवंड्यानं रॅम्प बांधला तो कापसाचे गठ्ठे गाडीत चढवायच्या फळीसारखा. त्याले तोच चढ माहीत. माझी खुर्ची अर्ध्यातूनच मागं येऊ लागली. अक्षयले आनंद झाला. म्हणे, "काही बिघडलं नाही ताई, आम्ही ढकलत जाऊ."

मी तो रॅम्प फोडाले लावला. गावात माझ्या नावानं लय बोललं गेलं. एक फूट चढायले बारा फूट लांबी, हा सरकारी नियम मी सचिवाले इतके वेळा म्हणून दाखवला का त्यांच्या लहान पोरीले पाठ झाला. शेवटी रॅम्प झेंड्याच्या ओट्याले वळसा घालून गेला, मधात थांबाले सपाट जागा, दोन्हीकडून कठडा.

पहिल्या दिवशी सारं गाव जमा झालं. अक्षय अन दोस्त सवयीनं हात पुढं करून उभे. मी चाकं फिरवत निघाली. मधात दमली, थांबली. कोणी जागचं हाललं नाही, अन त्याहिले आपल्या हाताचं काय कराव ते समजत नव्हतं. मंग मी वर पोचली.

त्या मीटिंगले सातही जण होते. पहिला ठराव कमानीचाच, या वर्षी दुसऱ्या निधीतून. पुंडलिकराव म्हणे, आता तं रॅम्प हाये, आता पाटी शोभते. विमलताईनं हात वर केला. तूर विकाले गेलते त्या तिघाहिनं केला. सहाच्या सहा.

"विरोधात?" सचिवानं विचारलं, अन सगळ्याहिनं माझ्याकडं पाह्यलं.

मी हात वर केला. मी एकटीच. कमान पास झाली.

मीटिंग संपली. मी खुर्ची वळवली, कोणाले हाक न मारता रॅम्प उतरली, अन घरी गेली.